प्रश्न मला विचारा

सांगली जिल्ह्यातील एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्या 38 वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी महामार्गावरील अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आता त्या कृत्रिम पाय लावून, एका हातात कुबडी घेऊन चालतात आणि पुन्हा नोकरीवर रुजू झाल्या आहेत. त्या लिहितात :

"अपघाताआधी बाजारात माझ्याकडे कोणी वळून पाहत नसे, आणि ते किती सुखाचे होते हे आता कळते. गेल्या महिन्यात साडीच्या दुकानात मी समोर बसलेली असताना दुकानदाराने माझ्या नवऱ्याला विचारले, 'वहिनींना मोठे काठ चालतील का?' देवळाच्या पायरीवर जरा टेकले होते, तर एका बाईंनी माझ्या हातात दहा रुपयांची नोट ठेवली आणि त्या नमस्कार करून पुढे गेल्या. बसमध्ये शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. सगळे प्रवासी माझ्याबद्दलच विचार करत असतात. अनोळखी माणसे नाव विचारण्याआधी पाय कसा गेला ते विचारतात. एका खासगी बसच्या क्लीनरने सगळ्यांसमोर 'ए लंगडी, लवकर चढ' म्हटले. उलट शाळेत पंधरा ऑगस्टला मला व्यासपीठावर उभे करून 'जिद्दीची मूर्ती' म्हणून टाळ्या वाजवल्या. माझी नऊ वर्षांची मुलगी टक लावून पाहणाऱ्यांशी भांडते. मी बाजार, लग्नकार्ये सोडत चालले आहे. लोक खरेच इतके बदलले, की हे माझ्या मनाचे खेळ आहेत? पूर्वी मीही अशा माणसांकडे अशीच पाहत होते, हे आठवून लाज वाटते. आणि एक लहानसा प्रश्न : साडीच्या निऱ्या खाली सोडून, पाय झाकून, कुबडीशिवाय चालू का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते. लोक खरेच बदलले आहेत आणि तुम्ही ते बरोबर टिपले आहे. मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधार देणारी धातूची चौकट, आहे. त्यामुळे सरळ चालणाऱ्या बाईकडे अनोळखी माणूस कसा पाहतो, हे मी त्रेसष्ट वर्षांत एकदाही अनुभवलेले नाही. तुम्ही दोन्ही अनुभवले आहे. तेच गाव, तोच बाजार, तुमचा स्वभावही तोच. फक्त एक पाय बदलला आणि समोरच्यांचे वागणे बदलले. इतकी स्वच्छ तुलना फार थोड्यांच्या वाट्याला येते, तेव्हा तुमच्या निरीक्षणावर अविश्वास दाखवण्याची घाई करू नका.

या गोष्टीचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत 1966 साली रॉबर्ट क्लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एका व्यक्तीशी समोरासमोर बसून बोलायला लावले. काहींसमोर ती व्यक्ती साधी बसलेली असे. काहींसमोर ती मुद्दाम बनवलेल्या चाकाच्या खुर्चीत असे, आणि त्या खुर्चीमुळे तिचा एक पाय कापलेला असल्याचा भास होई. खुर्चीतल्या व्यक्तीशी बोलताना लोकांनी बोलणे लवकर आटोपते घेतले, त्यांच्या वागण्याबोलण्यात एक प्रकारचा ताठरपणा आला, आणि त्यांनी जी मते सांगितली ती त्यांच्या खऱ्या मतांपासून थोडी दूरची होती. या शेवटच्या निष्कर्षापाशी मी बराच वेळ थांबले होते, कारण आपल्याशी लोक जे अतिगोड बोलतात त्याचे मूळ तिथे दिसते. समोरच्याला काय बोलावे ते सुचत नाही, चूक होईल अशी भीती वाटते, म्हणून तो स्वतःचे काही न बोलता आपल्याला आवडेल असे त्याला जे वाटते तेच बोलतो.

तुमच्या साडीच्या दुकानदाराचेही असेच झाले असावे. पाय गेला म्हणून तुम्हाला काठ निवडता येत नाहीत, असा विचार त्याने केला नसेल. तुमच्याकडे पाहावे की न पाहावे या गोंधळात त्याची नजर सोयीच्या माणसाकडे वळली आणि जीभ नजरेमागून गेली. त्यामुळे अपमान कमी होत नाही, आणि त्याला माफ करा असे मी सांगणार नाही. पण त्याच्या वागण्यामागे तिरस्कार आहे की गोंधळ, हे ओळखता आले तर पुढे काय करायचे तेही कळते, म्हणून हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. त्याच क्लेक यांनी ॲन्जेलो स्ट्रेंटा यांच्यासह 1980 साली दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही जणांच्या चेहऱ्यावर रंगभूषेने मोठा व्रण काढला आणि तो त्यांना आरशात दाखवला. मग व्रणाला भेगा पडू नयेत म्हणून मलम लावतो असे सांगून, त्यांच्या नकळत, तो व्रण पुसून टाकला. चेहरा पूर्ववत झालेली ही माणसे अनोळखी व्यक्तीशी बोलून आली आणि सांगू लागली, की समोरची व्यक्ती अवघडलेली होती, व्रणाकडे टक लावून पाहत होती. व्रण तर नव्हताच.

हा प्रयोग ऐकवून पुष्कळ लोक आपल्याला म्हणतात, की बघा, सगळे तुमच्या मनात आहे. तो अर्थ चुकीचा आहे. तुमचा पाय काही रंगभूषेने काढलेला नाही. मी त्यातून एवढेच घेते, की आपल्याला काय दिसेल याची अपेक्षा धरून आपण बाहेर पडलो, तर जिथे काही नाही तिथेही ते दिसते. तुमच्या पत्रात मी दोन रंगांच्या खुणा केल्या. दुकानदाराने नवऱ्याला विचारले, बाईंनी नोट दिली, क्लीनरने हाक मारली, ही घडलेली कृत्ये आहेत. त्यांवर शंका घेऊ नका. बसमधले सगळे माझ्याबद्दलच विचार करत असतात, हा मात्र अंदाज आहे. शेजारच्या रिकाम्या जागेचे कारण कदाचित त्या सीटला टेकवून ठेवलेली कुबडीही असेल. ती पायांशी आडवी ठेवून किंवा खिडकीच्या बाजूला उभी करून आठवडाभर पाहा. जागा तरीही रिकामी राहिली तर अंदाज खरा ठरेल, आणि तो खरा ठरला म्हणूनही तुम्ही बस सोडावी असे मला वाटत नाही.

लोक टक लावून पाहतात याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त थकवा त्याचा येतो. मी लहान असताना आमच्या पेठेत कॅलिपर लावणारी आम्ही तीन मुले होतो. 'पोलिओची पोरे' हा शब्द कानावर पडे आणि टोचे; पण थांबून कोणी पाहत नसे, कारण त्यात नवीन काही नव्हते. प्रत्येक गल्लीत एखादे तसे मूल असेच. पुढे लसीकरणाच्या मोहिमा झाल्या, नैसर्गिक विषाणूमुळे होणाऱ्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी आढळला, आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. आज माझ्या कॅलिपरचा आवाज ऐकून महाविद्यालयातली मुले मान वळवून पाहतात. त्यांनी असला पाय कधी पाहिलेलाच नाही. माझ्या पिढीनंतर हा आजार कोणाला होऊ नये याचा मला इतका आनंद आहे, की त्यापायी थोड्या माना वळल्या तर चालेल.

एलेन लँगर आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह 1976 साली हेच तपासले होते. पायाला ब्रेस, म्हणजे कॅलिपरसारखा आधार, लावलेल्या व्यक्तीला आधी एकतर्फी काचेतून हवे तितके पाहून घेण्याची संधी ज्यांना मिळाली, ते नंतर तिच्याजवळ सहज बसले. ज्यांना ती मिळाली नाही, ते दूर बसले. त्यांच्या मते आपल्यापासून दूर सरकणाऱ्या माणसाच्या आत एक रस्सीखेच चाललेली असते : नवीन गोष्ट नीट पाहावीशी वाटते, आणि पाहणे असभ्य आहे हेही शिकवलेले असते. या ओढाताणीतून सुटायला तो तिथून निघून जातो. एकदा पाहून झाले की ओढाताण सरते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की बाजार सोडू नका, आणि शक्यतो त्याच बाजारात, त्याच वारी, त्याच विक्रेत्यांकडे जा. पहिल्या खेपेला भाजीवाल्या मावशी पायाकडे पाहतील, दुसऱ्या खेपेला विचारतील, आणि सहा-सात खेपांनंतर मेथीच्या जुडीवरून तुमच्याशी पूर्वीसारखी घासाघीस करतील. बाहेर जाणे बंद केले तर प्रत्येक वेळची भेट पहिलीच ठरते आणि तुम्ही कायम नव्याच राहता. अनोळखी गर्दीत, रेल्वेच्या फलाटावर किंवा दुसऱ्या शहरात, हा उपाय लागू पडत नाही. तिथे नजरा सहन कराव्याच लागतात, आणि एखाद्या दिवशी तेवढी शक्ती नसेल तर घरी राहण्यातही काही कमीपणा नाही.

दुकानाचे बोलू. आत शिरताच पहिले वाक्य तुमचे असू द्या, आणि ते कामाचे असू द्या : "मला गडद रंगाची, बारीक काठांची साडी दाखवा." गोंधळलेल्या माणसाला हाताला काम मिळाले की त्याचा गोंधळ आवरतो. कडेच्या खुर्चीवर बसू नका, गादीसमोर बसा. तरीही प्रश्न नवऱ्याकडे गेला, तर खरी कसोटी त्यांची आहे. त्यांनी उत्तर देऊ नये, रागावूही नये. शांतपणे तुमच्याकडे पाहावे आणि गप्प राहावे. दोन-तीन क्षणांची ती शांतता दुकानदाराची नजर आपोआप तुमच्याकडे आणते. माझा थोरला भाऊ अशा वेळी प्रेमापोटी पटकन बोलून मोकळा होई, आणि त्याच्या प्रेमामुळेच मी वयाच्या पंचविशीपर्यंत स्वतःसाठी एकही कापड विकत घेतले नव्हते. एके दिवशी मी त्याला दुकानाबाहेर थांबायला सांगितले. त्याला वाईट वाटले, पण त्याने ऐकले. हे पत्र यजमानांना जरूर वाचून दाखवा.

देवळातल्या दहा रुपयांचा प्रश्न अधिक खोल आहे. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर अपंग माणूस दिसतो तो बहुधा हात पसरलेला, आणि त्याला काही दिले की पुण्य लागते असे लहानपणापासून मनावर बिंबलेले असते. शिवाय शरीरातले व्यंग म्हणजे गेल्या जन्मीचा हिशेब, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. त्या बाईंना तुम्ही दिसलाच नाहीत. त्यांना दानाची जागा दिसली. नोट ताबडतोब त्यांच्या हातात परत ठेवा आणि म्हणा, "मी शिक्षिका आहे, जरा टेकले होते. हे पेटीत टाका." आवाज चढवू नका, आणि संकोचाने नोट पर्समध्येही ठेवू नका. ती ठेवून घेतली की पुढचे चार दिवस तीच नोट मनात सलत राहते, हे मी अनुभवाने सांगते.

पाय कसा गेला, या प्रश्नाचे उत्तर देण्यास तुम्ही बांधलेल्या नाही. अपघाताची आठवण ही तुमची खासगी गोष्ट आहे, आणि ती दर बसथांब्यावर उकरून काढायला लागली तर जखम भरणार कशी? एक वाक्य तयार ठेवा, "अपघात झाला होता, आता बरी आहे," आणि लगेच तुम्हीच दुसरा विषय काढा. माणूस तरीही खोदून विचारू लागला तर "त्याबद्दल बोलायला मला आवडत नाही" एवढे पुरे. मुलांच्या बाबतीत मात्र हा नियम मोडा असे मी सुचवेन. मूल विचारते तेव्हा त्याला खरेच जाणून घ्यायचे असते. तुमच्या वर्गाला एकदा कृत्रिम पाय काढून दाखवण्याची तुमची तयारी असेल, तर ती पन्नास मुले आयुष्यात पुन्हा कोणाकडे टक लावून पाहणार नाहीत. तयारी नसेल तर तोंडी सांगितले तरी चालेल.

पंधरा ऑगस्टच्या टाळ्यांनी तुम्ही अस्वस्थ झालात, हे वाचून मला बरे वाटले. ऑस्ट्रेलियातील स्टेला यंग या दिवंगत पत्रकार स्वतः चाकाची खुर्ची वापरत. त्या एका शाळेत शिकवायला गेल्या असताना तास सुरू झाल्यावर एका मुलाने त्यांना विचारले होते, की तुम्ही तुमचे भाषण कधी सुरू करणार? चाकाच्या खुर्चीतली बाई शाळेत येते ती प्रेरणा द्यायला, शिकवायला नव्हे, असे त्याला वाटत होते. कौतुक वाईट नसते. तुमच्याच जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्यानंतर 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्याची शर्यत जिंकून भारताला पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. ते कौतुक एका कर्तृत्वाचे आहे, आणि पद्मश्रीसाठी त्यांना 2018 पर्यंत थांबावे लागले याचीच खंत वाटते. पण पाय गेल्यावर बाई कामावर येते, एवढ्यालाच टाळ्या पडत असतील, तर तिच्याकडून अपेक्षा किती खाली आणल्या आहेत ते त्या टाळ्यांतून कळते. मुख्याध्यापकांना एकांतात सांगा, की माझा सत्कार करायचा असेल तर माझ्या वर्गाच्या वाचनाचा निकाल पाहून करा, आणि दरम्यान स्वच्छतागृहात पकडायला एक दांडी बसवून द्या.

आता क्लीनरचे. इथे गोंधळाचा प्रश्न नाही, आणि समजून घेण्याचाही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली संमत झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या कलम 92 नुसार, दिव्यांग व्यक्तीला कमी लेखण्याच्या हेतूने चारचौघांत मुद्दाम अपमानित केल्यास किमान सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. प्रत्येक हाकेसाठी पोलीस ठाण्यात जावे असे माझे म्हणणे नाही, आणि हेतू सिद्ध करणे सोपे नसते हेही खरे आहे. पण तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहून ठेवा, सोबतच्या एखाद्या प्रवाशाचे नाव विचारून घ्या, आणि आधी बसमालकाकडे लेखी तक्रार करा. तिच्यात कायद्याचे नाव आणि कलम घाला. पुढे गरज पडली तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आहे.

हे व्यर्थ जाते असे समजू नका. कोलकात्याच्या जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालींवर आणि बोलण्यावर परिणाम करणारी अवस्था, आहे. फेब्रुवारी 2012 मध्ये त्या दिव्यांगत्वावरच्या एका परिषदेसाठी गोव्याला निघाल्या होत्या. विमानात जाऊन बसल्यानंतर त्यांना खाली उतरवण्यात आले, कारण त्यांचे दिसणे आणि बोलणे पाहून त्या प्रवास करण्याच्या स्थितीत नाहीत असे कर्मचाऱ्यांना वाटले. अनोळखी नजरेचा अंदाज किती दूरवर जाऊ शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि मे 2016 मध्ये न्यायालयाने विमान कंपनीला 10 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

मुलीला गप्प बस म्हणू नका; तिचा राग न्यायाचा आहे. पण आईची राखण हे नऊ वर्षांच्या मुलीचे काम नाही, आणि ते तिच्यावरून तुम्हीच उतरवू शकता. कोणी टक लावून पाहू लागले की तिच्या आधी तुम्ही त्या माणसाकडे पाहून मान हलवा, "नमस्कार" म्हणा. बहुतेक जण ओशाळून नमस्कार करतात आणि तिथेच ते संपते. आईला हे जमते, असे तिने दहा-बारा वेळा पाहिले की ती भांडणे सोडून देईल.

तुम्ही पूर्वी अशाच पाहत होता, याची लाज बाळगू नका. उलट त्या आठवणीचा उपयोग करा : तेव्हा तुमच्या मनात नक्की काय येत असे? द्वेष होता का? बहुधा हळहळ, कुतूहल आणि आपल्यावर ही वेळ येऊ नये अशी भीती, एवढेच असेल. आज समोरच्याच्या नजरेत काय आहे, याचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा तुमची तीच आठवण आहे.

राहिला साडीचा आणि कुबडीचा प्रश्न. निऱ्या पायघोळ सोडू नका. कृत्रिम पावलाला कापडाचा स्पर्श कळत नाही, निरी पावलाखाली अडकली तरी समजत नाही आणि तोल जातो. नेसायची तर घोट्याच्या वर नेसा, किंवा सलवार-कमीज घाला. कुबडी टाकायची की नाही हे चालणे शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवा. ते हो म्हणाले तरी गर्दीत जाताना निदान एक काठी हातात असू द्या, कारण झाकलेला पाय लोकांना दिसत नाही आणि बसच्या रांगेत ते पूर्वीसारखाच धक्का देतात. काठी दिसली की चार माणसे बाजूला सरतात. घरी, शाळेत, ओळखीच्या ठिकाणी ती नको असेल तर नको. आणि कृत्रिम पायाचे सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो वाटीसारखा भाग, शेवटचे कधी तपासले ते आठवून पाहा. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पायाचा आकार बराच काळ उतरत राहतो आणि पहिले सॉकेट सैल होते. ते आत घासू लागले की पाऊल टाकताना चेहऱ्यावर वेदना उमटते आणि लोक तीच पाहतात.  या आठवड्यातच कृत्रिम पायाच्या केंद्रावर जाऊन ते दाखवून घ्या, आणि जाताना त्याच बसने जा.